सुईच्या टोकावर मावेल इतकं

सत्तावीस वर्षं मी जहाजांना तेल पाजलं.
पाण्याच्या पातळीखाली, इंजिनरूममध्ये,
माझ्या दुप्पट उंचीचे दांडे फिरायचे
आणि मी पिंपांचा हिशेब ठेवायचो.
आता दाभोळला, ओट्यावर,
सुमय्या माझ्यापुढे चार चाकं मांडते,
एकेक जुन्या रुपयाएवढं,
आणि विचारते, मामू, किती घालायचं?

गाडी पांगाऱ्याची.
तुकडा नंदू मेस्त्रीने फुकट दिला,
कानस तिने स्वतः चालवली.
बांगडा केलाय म्हणते. मला पेडवा वाटतो.
सव्वीस तारखेला शाळेत, उतरत्या फळीवर शर्यत.
इंजिन नाही, चावी नाही, ढकलायचंसुद्धा नाही.
सोडायचं फक्त.
पुढचं सगळं खिळा आणि भोक
आपसांत ठरवणार.

खिळ्याच्या मानेशी बघ, मी म्हणतो,
लोखंडाचं एक कुसळ असतं,
कारखान्यात राहून गेलेलं.
ते आधी घास.
मग पॉलिशपेपर, चारशेचा, नंतर हजारचा,
मग चुलीतली राख, फडक्यातून गाळलेली,
खिळ्यात आपलं नख दिसेपर्यंत.
तिला दिसलं. रंग उडालेलं, निळं.

पहिल्या दिवशी खोबरेल.
टिचकी मारली, तिने सेकंद मोजले, एकवीस.
पहाटे गारठा पडला, तेल थिजलं,
चारही चाकं सुकतीला गाळात बसलेल्या
होडीसारखी.
मग उंडीचं. होडीच्या बुडाला उत्तम,
इथे पाक. सात सेकंद.
मग माझ्यातला जहाजी उठला,
म्हणाला, घाल की भरपूर, कंजुषी कसली,
आणि मी वंगणाचा डबा तिरका केला.
संध्याकाळी वारा सुटला. पुळणीवरची निम्मी वाळू
आमच्या गाडीला येऊन चिकटली.

सुमय्या काही बोलली नाही.
रॉकेलच्या वाटीत खिळे बुडवून
ती जुन्या ओढणीने पुसत बसली.
तिचं न बोलणं मला नीट कळतं.
बाकीचं मला ऐकूच कमी येतं.

जुलेखाने आतून शिलाई मशीनची बाटली आणली.
पाण्यासारखं तेल, त्याला वास नाही.
सुई बुडव, म्हणाली, टोकाला राहील तेवढं पुरे,
आणि लावून झालं की तेही पुसून टाक.
चाळीस वर्षं ती हेच करत आली
या घरात, लोकांच्या शाळेच्या कपड्यांपायी.
तिला ऑइलमन कुणी म्हटलं नाही.

सदतीस.
मामू, ऐक ना, कसलं बारीक वाजतंय,
सुमय्याने चाक माझ्या कानाशी धरलं.
माझे कान एका डॅनिश जहाजाने ठेवून घेतलेत.
मी खिळ्याचं डोकं दातांत धरलं.
तिने टिचकी मारली.
जबड्यातून, गालाच्या हाडातून, वर कवटीपर्यंत
एक मऊ, सलग काहीतरी आलं,
मध्ये कुठे अडखळलं नाही.
बेअरिंग ठीक आहे, मी तोंडातल्या खिळ्यासकट म्हणालो,
आणि ती इतकी हसली की
मोजायचंच राहिलं.

शर्यतीचं सांगायचं तर,
साईराज शिर्केची गाडी पहिली आली.
त्याच्या बापाने बुडाशी शिसं ओतलं होतं,
जाळ्याचं. नियमात बसतं ते.
आमचा पेडवा तिसरा.
चौथं चाक किंचित आत ओढत होतं,
तो खिळा मी ठोकलेला.

बाटलीत उरलं त्यातलं थोडं
सुमय्याने घरी येऊन
पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांना लावलं.
विचारलं नाही कुणाला.
रात्री मी धक्क्यावरून परतलो,
दार ढकललं, आत आलो,
जुलेखा पाठमोरी, भाकरी थापत होती.
वळली, आणि दचकून हातातलं पीठ सांडलं.
आता तू आलास कळायचं कसं, ती ओरडली असावी.
ओठांवरून तसंच वाटलं.