कुणाच्या नावावर

रात्री अकरानंतर मी किमती बदलते.
हेरफर्डमधल्या मोठ्या दुकानात
नऊ ते तेवीस नंबरच्या रांगा माझ्या.
खिशात पट्ट्यांचा गठ्ठा, बोटांना डिंक,
बिल्ल्यावर मॅन्डी.
मंदाकिनी हे नदीचं नाव आहे
हे इथे कुणाला सांगत बसले नाही.

अख्खी कोंबडी, तीन पौंड पंच्याऐंशी.
जीव, पिसं, पस्तीस दिवसांचं खाणं,
ट्रकचं डिझेल, वरचं प्लास्टिक,
सगळं धरून.
समोरच्या दुकानात एवढ्यात दोन कॉफ्या येत नाहीत.

शनिवारी मला गल्ल्यावर बसवतात.
त्या शनिवारी मिस्टर प्रॉसर आले,
वय त्र्याऐंशी, कोटाच्या कॉलरला अजून गळ अडकवलेला,
आणि पट्ट्यावर ठेवलं: पाव, चहा, कोंबडी
आणि मुरंब्याची एक जुनी बरणी.
आत हिरवं पाणी.
मी सवयीने उचलली, काचेवरून फिरवली.
पुन्हा फिरवली.
यंत्र गप्प.
"हे कोंबडीबरोबरच येतं," ते म्हणाले,
"तुमच्या किमतीत धरायचं राहिलंय."

नदीचं नाव वाय.
पुढे एक काना जोडला की मराठीत काय होतं
ते प्रॉसरना कसं समजावू?
ते आपले सांगत होते,
शेडमधली घाण शेतात, शेतातली पावसाबरोबर पाण्यात,
सॅमन नाही, काही नाही,
आणि पूर्वी जूनमध्ये पांढरी फुलं यायची पाण्यावर, इतकी
की बायको म्हणायची
कुणीतरी चादरी वाळत घातल्यात.

तासगावला बाबांचं किराणा दुकान होतं.
गिऱ्हाईक म्हणायचं, मांडून ठेवा.
बाबा पेन्सिल कानावरून काढत विचारायचे,
कुणाच्या नावावर?
तेवढं विचारल्याशिवाय
साखरेची पुडी उंबरा ओलांडायची नाही.
इथे वीस वर्षं मी पुड्या ओलांडू देतेय.

पण प्रॉसरांच्या मागे टॅमसिन उभी होती.
दोन पोरं ट्रॉलीत, तिसरं पोटात,
हातात तीच कोंबडी, मुठीत चिल्लर.
रविवारी भाजते, सोमवारी पावात घालते,
मंगळवारी हाडं उकळते. तिनेच सांगितलंय मला.
नदी मिळवून नऊ पौंड लावले
तर मांडायचे हिच्या नावावर?
कंपनीच्या नफ्याचा कागद तर
कँटीनच्या भिंतीवर लावलाय, रंगीत,
बाण वर गेलेला.
त्या कागदावर का नाही मांडत कुणी?
बाबा असते तर विचारलं असतं.
पण बाबांनाही उधारी बुडवणारे
मोठेच लोक भेटले होते.

लियम आला. सुपरवायझर, वय चोवीस, वाईट नाही.
म्हणाला, मॅन्डी, ते सिंकमध्ये ओतून टाक.
मी म्हटलं, सिंक कुठे जातं, लियम?
तो थोडा वेळ खरंच विचार करत होता.
मग रांग खोळंबली म्हणून दुसरा गल्ला उघडला.

प्रॉसरांनी पाव, चहा आणि कोंबडी नेली.
हो, कोंबडी नेली. पेन्शनीत दुसरं काय बसतं?
बरणी माझ्यापाशी राहिली.
मी ती घरी आणली, खिडकीत ठेवली.
तिसऱ्या दिवशी हिरवं खाली बसलं,
वरचं पाणी इतकं नितळ दिसायला लागलं
की प्यावं.

त्याच रात्री मीही आणली होती एक,
मुदत संपत आलेली, पिवळी चिठ्ठी लावलेली.
चिठ्ठी मीच लावली होती. एक पौंड नव्वद.
आलं-लसूण लावून केली. चांगली झाली.
पावती बरणीखाली सारली होती,
सकाळी बघते तर तिच्यावर ओला गोल उमटलेला,
एकूण रकमेच्या जरा खाली,
जिथे काही छापलेलं नसतं.

सोमवारपासून अंडी वाढणार आहेत, दहा पेन्सांनी.
पट्ट्या आल्यात.