सोंगटी

बातुमीत भिंतींनाही घाम फुटतो,
म्हणून नाझीब्रोलाबाईंच्या फ्रिजचं मी मनावर घेतलं नसतं.
पण खालच्या कप्प्यात काकड्या पोहत होत्या,
वर दुधाचा दगड,
आणि मधल्या फळीवरचं चीज कोमट.

दहा लारीची नोट फटीत धरून दार लावलं.
ओढली. सुळकन आली.
"रबर गेलंय," त्या म्हणाल्या.
रबर गेलं नव्हतं.

मागच्या भिंतीवर बोटभर बर्फ,
पंख्याचं तोंड बुजलेलं.
सगळं बाहेर काढलं, बटण बंद, खाली टॉवेल,
आणि दोन तास आम्ही दोघं
बर्फ सुटताना ऐकत बसलो.
पाणी जायच्या भोकात तार खुपसली तर
तारखूनच्या पाल्याची एक काडी निघाली, काळी, चिवट.

तरी दार उघडंच राहायचं, केसभर,
मागून कुणी यायचं असल्यासारखं.

मग जमिनीवर पालथा पडून विजेरी मारली.
फ्रिज पुढे झुकलेला.
मागच्या पायाखाली
एक पांढरी सोंगटी.

त्या खुर्चीत बसल्या.
"आठ वर्षं ओतियाशी भांडले हिच्यावरून.
हिच्या जागी कोटाचं बटण ठेवून खेळायचो.
हरला की म्हणायचा, बटण बेइमान आहे."

सोंगटी पुसून मी पुढे केली.
त्यांनी उलटीपालटी करून पाहिली,
अंगठ्यानं एकदा घासली, परत दिली.
"पुढच्या पायाखाली ठेवा."

ठेवली. दुसरा पाय स्क्रूनं चढवला.
दार आपलं आपण मिटलं, हळूच.

पटावर बटण तसंच.