बाटलीतले दोन थर

दांडिया बाजारात, फायर ब्रिगेडच्या मागच्या शेडमध्ये
होडीच्या टाकीतलं पेट्रोल
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत काढून
मी खिडकीत ठेवलं.
चहा होईस्तोवर रेषा उमटली.
वर पिवळसर, हलकं. खाली गढूळ, जड:
हवेतलं पाणी पिऊन बसलेला उसाचा अर्क.
आणि नळी ओढते ती तळातूनच.

दारूबंदीच्या राज्यात
टाकीला तेवढं परमिट.

साहेब म्हणाले, "मोहिते, माझी स्कूटर चालते की यावर.
चालशे."
स्कूटर रोज पिते, साहेब, रोज संपवते.
होडी अकरा महिने ताडपत्रीखाली,
आणि बाराव्यात तिनं
पहिल्या दोरीला बोलायचं असतं.

रबरी फुगा दाबून पाहिला,
भिजल्या मनुकेसारखा मऊ.
जुन्या टाकीची खरवड सुटून जेटमध्ये बसलेली.
नवी नळी मागितली. अर्ज गेला. अर्ज अजून जातोय.

विश्वामित्री चढली त्या रात्री
अकोट्यात दुसऱ्या मजल्यावर टॉर्च हलत होता.
शशांक जगतापनं बत्तीस वेळा दोरी ओढली,
तळहात सोलून निघाला.
मग वल्ही.
मोटार गप्प, म्हणून ऐकू आलं:
डावीकडे काहीतरी सरकलं.
ओंडका, आम्ही दोघंही म्हणालो, एकदमच.

तरुलताबेन गच्चीवरून उतरल्या, पिशवी छातीशी धरून.
"मोटर तो छे ने?"
"छे, बेन," म्हटलं, "नुसतं वजन."
आणि वल्हं पाण्यात घातलं,
ओंडक्यापासून जरा लांब.