चिकटा

तत्तापुरे बाईंनी डबा टेबलावर ठेवला, उघडला नाही.
"तूच उघड, महानंदा."
बावीस जोड कानातले, क्लेची गुलबक्षीची फुलं,
टिश्यू पेपराची साय पांघरून बसलेली.
सोलावं तर कागद फाटतो, फूल सुटत नाही.
"गॅदरिंगच्या पोरींचे केस चिकटलालेत की गं मानेवर."

तीन आठवडे झाले होते.
नखाला लावायचं पारदर्शक पॉलिश,
पार्लर सोडताना पगाराऐवजी मिळालेल्या बाटल्या,
त्याचे दोन हात दिले होते मी.
काय चमकले होते त्या रात्री!
फोटो काढून सगळ्या भावजयांना पाठवले होते.

आईनं एक फूल उचललं,
चिमूट मिटली, उघडली.
चट्.
"चिकटा पडलाय," म्हणाली.
शाळूवर पडतो तसा.
बांधावरून बघावं तर पान न् पान तेल लावल्यागत,
माणूस हरखतो.
पान उलटं केलं की खाली मावा,
आणि ती चकाकी म्हणजे
त्यानं रस पिऊन टाकलेला पाक.
आई पुढं काही बोलली नाही.
बोटं पदराला पुसली,
पदराला गुलाबी लागलं.

हार्डवेअरवाले शिवलिंगप्पा चष्मा कपाळावर सारून हसले.
"नेलपॉलिश? ते ह्या मालाला खातंय, बाई.
वाळत नसतंय ते, मुरतंय.
पाण्यातलं वार्निश न्या. डब्यावर वाचून न्या.
फवाऱ्याचं तर नकोच.
आणि भट्टीत पुरतं भाजलतं का?"

इथं मी गप्प.
अकराव्या मिनिटाला लाइट गेली होती
आणि ओव्हन गार होईस्तोवर मी वाट पाहिली होती,
लाइटची नाही, कुणी न विचारण्याची.
वरून कडक लागलं. म्हटलं, झालं असेल.

मेडिकलातून स्पिरिट आणलं, कापसाचा गठ्ठा.
पुसलं की रंग कापसावर येतो,
जास्त घासलं की पाकळीची धार जाते.
गिरिजा मोजत बसली: सात, आठ,
"आई, हे तर लोण्यासारखं झालंय."
ते बाजूला ठेवलं.
साबणाच्या पाण्यातून काढले, वाळवले,
आणि परत भट्टी. खिडकी उघडी, काटा एकशेतीसवर,
पुरता अर्धा तास, स्टुलावर बसून,
दूध उतू जाईल म्हणून बसतात तशी.
मग ओल्या पॉलिशपेपरनं एकेक पाकळी.

उदगिरात संध्याकाळी दाळमिलचा भुसा उडतो,
उंबऱ्यावर, भांड्यांवर, पापणीवर पिवळा बसतो.
आता खिडकी लावली. पंखाही बंद.
ब्रश नुसता टेकवायचा, ओढायचा नाही.
एकच पातळ हात.
दुसरा उद्या.

सगळ्यात अवघड काम हे "उद्या".
वाळलं का, हे बोटानं विचारलं की
उत्तर म्हणून बोटच उमटतं.
गिरिजानं हात पाठीमागं बांधून घेतले ओढणीनं,
म्हणाली, "तू पण बांध."
मी बांधले नाहीत,
रात्री दोनदा उठून
दारातूनच परत आले.

एकोणीस जोड गेले शाळेत.
बाईंनी एक फूल गालावर घासून बघितलं,
केसांतून फिरवलं,
आणि पर्स उघडली.

तीन जोड गेले. दोन फेकले.
एक तसाच ठेवलाय, न पुसता,
शिलाई मशिनच्या खणात, बटणांच्या डबीत.
दोन उन्हाळे झाले, अंगण भाजून निघालं,
ते अजून ओलं.
अधूनमधून बघते दाबून.
डाव्या फुलात माझा अंगठा आहे,
उजव्यात आईचा असावा.
त्यावर भुशाचा एक कण,
पिवळा,
काढावा म्हटलं तर निघत नाही.