पाठमोरी

सिनेमात मी सातव्या मिनिटाला मरते.
तोवर माझं नावही घेत नाही कुणी.
कागदावर नुसतं : मैत्रीण दोन.
मैत्रीण एक जाड आहे, ती खाता खाता मरते.
मी काळी, त्यात मेहरून,
मी कशी मरते यावर कुणी फार वेळ घातला नाही.

हरिपूरला महापुरानंतर मोकळं पडलेलं हळदीचं पेव
ऋतुराजनं तीन रात्रींसाठी भाड्यानं घेतलं.
रक्त काकवीचं, त्यात बिटाचा रस.
पहिल्या टेकनंतर मुंग्या आल्या,
दुसऱ्या टेकला आम्ही मुंग्यांसकट मेलो.

माझं मुंडकं मी घरूनच नेलेलं :
सतारीसाठी आणलेला भोपळा, तडकला
म्हणून अब्बांनी कोपऱ्यात सारलेला.
मी केस चिकटवले, ओठ रंगवले.
'थोडं उजळ कर,' ऋतुराज म्हणाला,
'कॅमेऱ्यात दिसतच नाही.'
सगळं फाउंडेशन मुंडक्याला लागलं.

खुनी म्हणजे सिद्रामदादा.
कुपवाडच्या फौंड्रीत तापलं लोखंड उडालं
तेव्हापासून त्याचा डावा गाल जागेवर नाही.
'मास्कचे अडीच हजार वाचले!'
सगळे हसले. सिद्रामदादाही हसला, उजव्या बाजूनं.
रोजचे आठशे मिळणार होते.
सुरा रबराचा. तरी प्रत्येक वारानंतर
कट म्हणायच्या आत विचारायचा,
'लागलं न्हाय न्हवं?'
डबिंगला ते वाक्य चार ठिकाणी पुसावं लागलं.

वाचणारी एकच असते. ती गार्गी, पुण्याची.
पिवळा फ्रॉक, उन्हात धरला तर उडेल असा रंग.
उगाच वाईट कशाला बोलू,
स्वतःची खुर्ची द्यायची मला.
तिसऱ्या रात्री पेवात उतरली आणि तिला श्वासच घेता येईना,
जुन्या हळदीचा वास, खाली हवा कमी.
पहाटे तिच्या बाबांची गाडी येऊन घेऊन गेली.
शेवटचा शॉट राहिला.

ऋतुराजनं आम्हा मेलेल्यांकडे एकेक करून पाहिलं.
मग फ्रॉक माझ्याकडे फेकला.
'पाठमोरीच आहे. हातांना पावडर लाव.
आणि वळायचं नाही. काही झालं तरी वळायचं नाही.'

कृष्णाकाठच्या मळीतून पळाले मी,
अनवाणी, नांगरलेल्या रानातून,
मागं सिद्रामदादा सुरा उगारून, धापा टाकत,
'दमानं गं, म्होरं ढेकळं हायती.'
ऊन वर आलं. घामाबरोबर पावडर
कोपरापासून बोटांपर्यंत ओघळली.
वळले नाही.

मिरजेत, आमच्या माडीवर,
भावाच्या मोबाइलवर बघितला सगळ्यांनी.
सातव्या मिनिटाला अम्मी चिडली : इतक्यात?
अब्बा मुंडकं बघून हळहळले,
'तडकला नसता तर फार गोड बोलला असता हा.'
पाट्यांमध्ये माझं नाव मेहरूम छापलेलं.
सिद्रामदादाचं नव्हतंच, नुसतं : खुनी.

अम्मी बराच वेळ गप्प.
'वो आखिर में भागती सो, तूच ना?'
'गार्गी आहे ती, अम्मी.'
'चाल तेरी है.'

तिनं बोटानं सिनेमा मागं ओढला.
मी परत पळाले.
परत.
तिसऱ्या वेळी अब्बांनी
हातातली पटाशी खाली ठेवली
आणि खिशातून चष्मा काढला.