पिलबीम, किंवा उच्चारात जवळचं

रात्री दोनला सातव्या लाइनवरचा बर्फ कडेला लोटून
मी घरी येतो, बूट काढतो,
आणि शोधाच्या चौकटीत तुझं आडनाव टाकतो, आजोबा.
पिलबीम.
यंत्र विचारतं : नेमकं हेच, की उच्चारात जवळचं?
मी म्हणतो, जवळचं.
जवळचं असेल ते सगळं दाखव.

फिलबिन येतो. पिलबॅम येतो.
पिलबॅन, अँब्रोज. वय ९. मजूर. जहाजाचं नाव पुसट.
वय नऊ, मजूर.
ज्याने ही सूची उतरवून काढली
त्याचा हात इथे अडखळला नसावा.
रकाना होता, भरला.

संस्थेचं मासिक लायब्ररीच्या तळघरात बांधून ठेवलंय,
किंमत एक पेनी, मुखपृष्ठावर जहाज.
आत देणग्यांची पोच :
बाथच्या एका बाईंकडून लोकरी हातमोजे, दोन जोड.
मोज्यांचा हिशेब चोख आहे.
मुलांची मात्र नुसती आद्याक्षरं.

'अ. पि. ओंटारिओहून लिहितो :
मालक फार प्रेमळ आहेत. मला माझं स्वतःचं वासरू दिलंय.
सफरचंदं हवी तितकी खातो.'

तू सही शिकलास बेचाळिसाव्या वर्षी,
आईच्या शाळेच्या वहीत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.
तोवर फुली मारायचास.
मग हे पत्र कुणाच्या हातचं?
वासरू खरं असेल कदाचित.
गोठ्यात तू बोलायचास. घरात नाही.

आणि शेवटच्या पानावर, साबणाच्या जाहिरातीखाली,
मुंगीएवढ्या अक्षरांत :
'हे. पि., नॉर्दॅम्प्टनला घरकामाला, विचारते
की तिचा भाऊ कुठे आहे.
कळवण्यास आनंद होतो की तो सुखरूप आहे.'

कुठे, असं विचारलं होतं तिने.
कसा, असं नव्हे.

१९०९चा वसंत. त्याच सालचा हेमंत. पुन्हा पुढचा वसंत.
सात अंकांत तोच प्रश्न, तोच आनंद.
आठव्यात ती नाही.

तू म्हणायचास, मी एकटाच उगवलो,
कुंपणाकडेच्या तणासारखा.

मी 'ह' काढून 'ए' टाकतो.
एस्टर पिलबीन, वय १९, मोलकरीण,
क्यूबेक बंदर, मे १९१३.
एकटी. एक ट्रंक.
पुढे जनगणनेत कुठेच नाही, मग दफनभूमीच्या सूचीत :
हेस्टर मॅक्वेड, माहेरची पिलबीम.
दगडावर तेवढं स्पेलिंग बरोबर.
बारावी लाइन.

सातवी ते बारावी : सव्वासहा मैल.
एकोणतीस हिवाळे मी तो रस्ता साफ करतोय,
तिच्या फाटकाशी नांगर उचलतो,
वळतो, तुझ्या फाटकाशी टेकवतो.
पीठगिरणी एकच होती दोघांना.
पण तुला शेतमालकाने मजुरीच्या वहीत पेलहॅम लिहिलं
आणि तू तेच पांघरलंस, आम्हालाही पांघरवलंस.
तिने टपालपेटीवर पेलहॅम वाचलं असेल
आणि घोडा पुढे हाकला असेल.
असं मी ठरवून टाकलं.

दुरुस्तीचा अर्ज भरला.
चुकीचं नाव, बरोबर नाव, पुरावा काय.
सदर व्यक्तीशी आपलं नातं.
तपासणीस सहा आठवडे लागतील.

सकाळी आईला सगळं वाचून दाखवलं.
एक्क्याण्णव वर्षांची आहे, कान शाबूत.
मोज्यांपाशी हसली.
दगडापाशी आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवला.

मॅक्वेड? म्हणाली.
दर शनिवारी तो त्यांच्याकडून अंडी आणायचा.
डझनभर. एवढ्या थंडीत, चालत.
मी विचारलं, मग त्यात काय?

आई खिडकीबाहेर बघत होती.
अरे, म्हणाली,
आपल्याकडे चाळीस कोंबड्या होत्या.