उभं करा

जालन्यात नव्या मोंढ्यामागच्या मैदानावर
सळईच्या कारखान्यातनं वेल्डिंग करून आणलेला पिंजरा.
वर चार हॅलोजन, आणि माइकवर मी,
तीस वर्षं जत्रेतल्या फडांवर बोलत आलेला माणूस,
ज्याला दुपारीच बजावलं होतं:
"जोगदंड मामा, ठोसे चालू असले की गप राहा,
लोक आपोआप ओरडतात.
खाली पडले की मात्र बोलत राहा.
खाली पडले की पब्लिक उठून भेळ खायला जाते."

सटवाजीलाही हलगी घेऊन बसवलं होतं.
त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

नांदेडचा इम्तियाज, त्याचे हात
दिसायच्या आधी लागायचे.
आपला जाफराबादचा मारोती, आडनाव डोईफोडे,
आणि पोरगं डोकं फोडायलाच तयार नाही.
पहिला ठोसा खाल्ला, दुसरा खाल्ला,
ओठ फुटला, लोक खुर्च्यांवर चढले,
हलगी उधळली,
आणि तिसऱ्याला हा खाली वाकून पट काढायला शिरला.
दोघं धप्पकन आडवे.

हलगी थांबली.

मग सुरू झालं ते, ज्यात बघायला काही नसतं.
एक मनगट. त्या मनगटावर दुसरं मनगट.
एक गुडघा, जो वीतभर सरकायला मिनिट घेतो.
"उभं करा!" मागून कुणीतरी.
"काहून झोपलेत? उभं करा!"
"लग्न लावा रे त्यांचं!"
पंचाची नजर घड्याळाकडे.

मी बोलत राहिलो.
म्हणालो, मंडळी, त्याची टाच बघा.
म्हणालो, श्वास बघा, एक नाकानं घेतोय, एक तोंडानं.
म्हणालो, हे विहीर खोदल्यासारखं असतं,
वरून दिसते फक्त बाहेर येणारी माती.
कुणाला ऐकू गेलं, देव जाणे.

तेवढ्यात इम्तियाज कूस बदलून वर आला,
मारोतीची पाठ सपाट जमिनीला,
आणि माझ्या तोंडून, जुन्या सवयीनं, निसटलं:
"चीतपट!"
सटवाजीनंही एक थाप मारून टाकली.
पुढच्या रांगेतली पोरं खदखदली,
"मामा, ही मातीतली नव्हं!"

खरंय. माझ्या मातीत
पाठ टेकली की आभाळ दिसतं
आणि आभाळ दिसलं की संपलं.
अंग झटकायचं, आणि गर्दीच्या
पाठीमागून घर गाठायचं.
परतूरला मी एकदा असा निघालो,
त्यानंतर माइकच धरला.

इथं पाठ टेकलेला पोरगा
खालून काम करत होता.
वरून ठोसे पडत होते, तो मोजत होता जणू,
एक पाय त्याच्या खांद्यावर चढवला,
दुसऱ्याच्या लवणीत पाऊल अडकवलं,
कडब्याच्या पेंढीला आळा आवळावा तसं.
आत इम्तियाजची मान आणि एकच हात.

लोक अजून "उभं करा" म्हणत होते
तेव्हा इम्तियाजच्या तीन बोटांनी
मारोतीची मांडी थोपटली. हळू. दोनदा.
तिसऱ्यांदा पंचच मध्ये पडला.

भेळेच्या गाडीवरनं निम्मं मैदान पळत आलं,
"काय झालं? काहून थांबवलं?"
सटवाजी माझ्याकडं बघून विचारत होता,
"आता वाजवू का?"

नंतर मारोती म्हणाला,
"तुम्ही चीतपट म्हणाले, तवा भ्यालो मामा.
वाटलं, हरलो."
"मग?"
"मग बघितलं, पंच काहीच बोलंना."

हॅलोजन काढले गेले, पिंजऱ्याचे बोल्ट सुटायला लागले,
पुढच्या वर्षी खाली फक्त तीस सेकंद,
असं आयोजक फोनवर कुणाला तरी सांगत होता.
मंडपामागं बारदान अंथरून
मान चोळत इम्तियाज म्हणाला,
"वो पाँव का फिरसे बता ना रे, धीरे."
दोघं पुन्हा आडवे झाले.
डास होते. कुणी ओरडत नव्हतं.
मी बॅटरी धरून उभा राहिलो.